एक मत कमी

विद्यापीठाच्या खिडकीपुढे दाखल्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. निवृत्त प्राध्यापकबाईंच्या पुढे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती.

“बाबा, तुमच्या दाखल्याच्या फॉर्मवर तत्त्वज्ञान विभागच नाही.”

“बंद केला ना. संस्थापकांनी स्वतःच्या गोदामात विद्यापीठ काढलं, तेव्हा तेवढा एकच विभाग होता.”

“आणि तोच बंद केला?”

“एक मत कमी पडलं गं. बैठकीच्या दिवशी नेमक्या आमच्या बाई आजारी पडल्या.”

“केवढं लागलं असेल त्यांच्या मनाला!”

“म्हणून तर भेटायला गेलो नाही कधी. बरं, तू ‘इतर’वर खूण कर.”

“नको, विभागाचं नाव लिही,” मागून बाई म्हणाल्या.

गृहस्थ गर्रकन वळले.

“बाई! तब्येत कशी आहे आता?”

“मी आजारी नव्हते रे त्या दिवशी.”