वरच्या मजल्यावरची बहीण

नवरी : ...आणि ही पिन खांद्यावर लावता जरा? मामी गजरे आणायला गेली ती गेलीच.

पाहुणी : हलू नका, टोचेल. साडीचं मला ताईने शिकवलं. मराठीसुद्धा तिनेच. मी कपडे शिवत बसायचे, ती मशीनशेजारी बसून बोलायची.

नवरी : कोण ताई?

पाहुणी : तुमच्या नवऱ्याची बहीण. तिचा कोट आणलाय मी. माझ्याकडे शिवायला दिला आणि तशीच निघून गेली. सकाळपासून शोधते, कुठे दिसत नाही.

नवरी : चुलत असेल. त्याला बहीण नाही.

पाहुणी : माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे दोघं. तोच म्हणाला, बहीण.

नवरी : तो तिथे परदेशात एकटा राहतो.

लाउडस्पीकर : नवरीच्या मामांना विनंती, नवरीला घेऊन मांडवात यावं.

पाहुणी : मग माझंच चुकलं असेल. मला नाती नीट येत नाहीत. मामी, काकू, आत्या, इथे सगळ्याच सारख्या दिसतात.

नवरी : पिन राहू दे. त्याने बोलावलं तुम्हाला?

पाहुणी : जिन्यात भेटेल त्याला बोलावलं. कुणी येणार नाही असंच वाटलं असेल त्याला. मी आले, ताई भेटेल म्हणून.

नवरी : कशी होती ती?

पाहुणी : बारीक. खूप हसायची. नंतर हळू बोलायला लागली. वर पाऊल वाजलं की गप्प.

नवरी : त्याला काय म्हणायची?

पाहुणी : काही नाही. 'अहो, ऐकलंत का', असं.

नवरी : भावाला कुणी अहो म्हणत नाही. कोटाला काय झालं होतं?

पाहुणी : बाही खांद्यापासून उसवली होती. दारात अडकली म्हणाली.

नवरी : दारात.

पाहुणी : मग एकदा थंडीत अनवाणी खाली आली. माझ्या फोनवरून वडिलांना फोन लावला, लागला नाही. तो आला, माझी माफी मागितली, हात धरून तिला वर नेलं. नंतर वर पावलं वाजायची ती एकाचीच. तो म्हणाला, तिचं लग्न ठरलं, घरी गेली.

नवरी : मी पुढच्या आठवड्यात तिथे जाणार आहे. त्याच घरात.

(दारावर थाप.)

मामा : चला राणीसरकार. भटजी एकदा घड्याळाकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

नवरी : मामा, एकटेच आत या. दार लावा.

मामा : आता गं काय? कुंकू विस्कटलं?

नवरी : त्याचं आधी लग्न झालं होतं?

मामा : बाई, तुम्ही जरा बाहेर...

नवरी : त्या इथेच थांबतील.

मामा : झालं होतं. मोडलं. मुलगी डोक्याने जरा अशीतशीच होती म्हणे. त्याच्या आईने तुझ्या आईचा हात हातात घेऊन सांगितलं. म्हटलं तुला उगीच कशाला.

नवरी : आईला माहीत आहे.

मामा : तू सोडून सगळ्यांना. वाईट हेतू नव्हता गं.

नवरी : तिच्याशी कुणी बोललं?

मामा : कुणाशी?

नवरी : मोडलं म्हणता ना? मग ती कुठेतरी असेल. तुमच्यापैकी कुणी बघितलं तिला?

लाउडस्पीकर : नवरीचे मामा. नवरीचे मामा कुठे असतील तिथून...

नवरी : मामा, बोला.

मामा : तिच्या वडिलांचा फोन आला होता. मुलाचं परत ठरतंय असं कुठून तरी कळलं होतं त्यांना. म्हणाले, आमची मुलगी कुठे आहे, तुम्हाला काही ठाऊक आहे का.

नवरी : तुम्ही काय म्हणालात?

मामा : राँग नंबर म्हणालो.

पाहुणी : तिचे वडील मला विचारायला यायला हवे होते.

मामा : त्यांना तुमचा पत्ता कोण देणार, बाई?

लाउडस्पीकर : मंडळींनी अक्षता हातात घ्याव्यात.

मामा : आता बाहेर सांगायचं म्हणजे... हॉल भरलाय. तुझे बाबा दारातच उभे आहेत, सगळ्यांना बसा बसा म्हणत.

नवरी : सांगू नका मग. घेऊन चला मला.

मामा : असं बोलू नकोस.

नवरी : मग कसं बोलू?

मामा : ...बाई, तुम्ही हिच्याजवळ थांबाल?

पाहुणी : थांबते.

मामा : मी गेलो की कडी लावा. मी जाऊन बोलतो. मग त्याचे वडील मला बाजूला घेतील, हिची आई रडेल, आणि मला लगेच पटतं. हिला माहीत आहे मी कसा आहे ते.

नवरी : मामा...

मामा : म्हणून सांगून ठेवतो, बाई. मी परत आलो आणि गोड बोलायला लागलो, तर मलाही दार उघडू नका.