आईनं सांगितलेला शेवट

अरे, परवा मी अक्षरशः हादरलो. शहागंजातून विज्ञानकथांची जुनी पुस्तकं आणली होती, ती वाचायच्या ढिगावर ठेवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माझी आई करमाडहून राहायला आलीय. तिच्या हातात आजवर कधी पुस्तक पाहिलं नव्हतं. कामावरून आलो तर मांडीवर त्यातलंच एक, आणि ही डोळे पुसतेय!

घाबरून विचारलं, "आई, डोळा दुखतोय का?"

"नाय रं. मंगळावर गेलेली ती बाई परत येतच नाय. तिचं पोरगं लई वाट बघतं."

"अगं, शेवट सांगितलास! मी अजून उघडलंही नव्हतं!"

"ऱ्हाऊ दे मग. पण ते निळं पुस्तक बी घेऊ नको बाबा, त्यात तर पृथ्वीच उरत नाय."