पडदा वर जाण्याआधीचा फॉर्म

(पडदे शिवण्याच्या कारखान्याची वरची खोली, दुपार. कापायच्या लांब टेबलावर दोन उघड्या बॅगा. थोरली बहीण कापते, धाकटी शिवते. थोरलीची लेक इस्पितळात विम्याच्या काउंटरवर काम करते. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आहे.)

धाकटी : ...आणि तो थिएटरचा मॅनेजर म्हणाला, पडदा वर जाताना तुम्हा दोघींना पहिल्या रांगेत बसवणार. मी कळवलं, पहिली रांग नको बाबा, मधे कुठेतरी बसवा. अगदी पुढून खालची कडच तेवढी दिसते.

थोरली : कडच बघायची असते. बाकी काय, कापडच.

धाकटी : चौदा मीटर रुंद, नऊ मीटर उंच, लाल मखमल, आणि ही म्हणते कापडच. अगं ताई, परदेशातल्या थिएटरात आपला पडदा. जहाजाने आपल्या आधी पोचलासुद्धा. मला तर काल त्याचा हेवा वाटला.

थोरली : पोचलाय, पण टांगल्यावर उतरणार. एवढं वजन लटकलं की मखमल खाली येतेच, कुठे दोन बोटं, कुठे अडीच. मी खडूने खुणा करायच्या, तू हाताने दुमडून शिवायचं. त्यासाठी नेतायत आपल्याला, मिरवायला नाही.

धाकटी : तीन दिवस शिवायचं, पाच दिवस मिरवायचं. मी यादी केलीय.

थोरली : वाचली तुझी यादी. तिच्यात सहा वेळा बर्फ लिहिलंय.

धाकटी : सहा वेळा बघायचंय म्हणून.

लेक : मावशी, यादी राहू दे. विम्याचा कागद दाखव म्हटलं होतं.

धाकटी : झाला की तो. काल पैसे बदलून घ्यायला गेले, तर शेजारच्याच खिडकीत एक गृहस्थ विमा देत बसलेले. दहा मिनिटांत काम. ते विचारत गेले, मी उत्तरं देत गेले, छापून हातात. तुझं आपलं पंधरा दिवस चाललंय, अटी वाचा, अटी वाचा.

थोरली : मला तर अजून कळत नाही, आठ दिवसांच्या जाण्यायेण्याला विमा कशाला. हिला एकदाच विचारलं, तर हिने अर्धा तास घेतला. बॅग हरवली तर, विमान चुकलं तर, जिन्यावरून घसरलात तर. मी म्हटलं, एवढं सगळं होणार असेल तर जायचंच कशाला.

लेक : होणार असं नाही म्हटलं, आई. झालं तर तिथे एका रात्रीच्या खाटेचं बिल या कारखान्याला झेपणार नाही, एवढंच म्हटलं. मावशी, कागद.

धाकटी : घे. नाव बघ किती छान छापलंय. आईबाबांनी ठेवलेलं पूर्ण नाव कित्येक वर्षांनी वाचलं.

लेक : हृदयाचा आजार, नाही. रक्तदाब, नाही. गेल्या दोन वर्षांत इस्पितळात दाखल होता का, नाही. सध्या चालू असलेली औषधं, नाही. मावशी.

धाकटी : काय?

लेक : तूच सांग काय.

धाकटी : ताई, खाली अस्तरवाला आलाय बघ. टेम्पोचा आवाज आला.

थोरली : तो परवा येणार आहे.

धाकटी : आज आला असेल. आपण निघायच्या आत माल टाकून मोकळा व्हायचा विचार असेल त्याचा. बघून ये ना.

थोरली : जाते. पण तुम्ही दोघी एकमेकींकडे अशा बघताय जशी काय मखमल उलट्या बाजूने कापली गेलीय. वर आले की सांगायचं.

धाकटी : गेली. आता तू मला रागाव, पण पटकन. तिला जिना चढायला दोन मिनिटं लागतात.

लेक : सात महिन्यांपूर्वी तुझ्या कागदावर नातेवाईक म्हणून सही कोणी केली? मी. आत तुला स्टेंट बसवत होते तेव्हा बाहेर कोण बसलं होतं? मी. आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतेस त्या कशाच्या?

धाकटी : ताईला सांगितलंय केसांच्या.

लेक : केसांच्या.

धाकटी : तिला पटलंय गं. परवाच म्हणाली, फरक दिसतोय.

लेक : मावशी, हसवू नकोस. दहा ओळींत दहा वेळा नाही लिहून आलीस, कशाला?

धाकटी : सवय. आपण आधी कपडे शिवायचो ना, तेव्हापासूनची. कंबर छत्तीस भरली तर तोंडाने चौतीस सांगायची आणि वहीत छत्तीस लिहायची. बाई खूश, कपडा बरोबर. त्या गृहस्थांनी इतक्या प्रेमाने विचारलं, मला वाटलं उगीच त्यांना कशाला दुखवा.

लेक : वहीत खरं लिहायचात ना? हा फॉर्म म्हणजे वही आहे. तू वहीतच चौतीस लिहून आलीस. आता कपडा बसेल का?

धाकटी : ...नाही बसणार.

लेक : आमच्या इस्पितळात गेल्या महिन्यात एक काका दाखल झाले. विमा होता, हप्ते वेळच्या वेळी. फक्त घेताना मधुमेह लिहिला नव्हता. कंपनीने जुने रिपोर्ट मागवले आणि एका ओळीत कळवलं, देता येत नाही. त्यांची बायको माझ्यासमोर उभी राहून ती ओळ वाचत होती. पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, काकू, बसा. तर म्हणाल्या, बसून वाचलं तर वेगळं दिसेल का?

धाकटी : अगं बाई.

लेक : ही इथली गोष्ट. तिथे तुला काही झालं तर काउंटरपाशी आई उभी असेल. भाषा येत नाही. डॉक्टर तिला विचारणार, यांना काय त्रास आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आई सांगणार, केसांच्या.

धाकटी : मग काय करू? तिला सांगितलं तर ती मला नेणार नाही. बाबा या टेबलापाशी गेले, हातात कात्री तशीच. तेव्हापासून मला साधी शिंक आली तरी ती मशीन बंद करते. पाच महिने शिवलाय मी तो पडदा. तो वर जात असताना मी इथे बसून काय करायचं? घड्याळ बघायचं?

लेक : नेणार नाही असं का धरून चालतेस? मी डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, खुशाल जाऊ दे, जड उचलायचं नाही, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या. पत्र लिहून देतायत. कंपनीलाही फोन झाला. प्रवास सुरू व्हायच्या आत खरं लिहून दिलं तर पॉलिसी बदलून देतात. हप्ता वाढतो, पण हृदयाचं काही निघालं तरी खर्च देतात. सगळं तयार आहे. फक्त आईला मी सांगणार नाही. तुझं तू सांगायचं.

धाकटी : आली. जिन्यावर आली.

थोरली : अस्तरवाला नाही. टेम्पो नाही. खाली चिटपाखरू नाही. हं, आता बोला.

धाकटी : ताई, तू बस ना आधी.

थोरली : मी उभीच ऐकते.

धाकटी : मखमल निवडायला मी गिरणीत गेले होते बघ. सहा दिवस.

थोरली : बरं मग? नमुने घेऊन आलीस.

धाकटी : ते नमुने हिने आणले. कोपऱ्यावरच्या दुकानातून.

थोरली : कोपऱ्यावरच्या? तरीच. मी तेव्हाच म्हटलं होतं, गिरणीच्या मानाने भाव जास्त सांगतायत. पण मग तू कुठे होतीस?

धाकटी : हिच्या इस्पितळात. काही विशेष नव्हतं गं. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडत आली होती, तिच्यात एक नळी बसवली, उघडली, झालं. हातातून घालतात, छाती कापत नाहीत. चौथ्या दिवशी मी मशीनवर होते.

लेक : सातव्या. सोडल्यावर दोन दिवस माझ्या खोलीवर होती.

धाकटी : बरं, सातव्या.

थोरली : मी रोज संध्याकाळी फोन करत होते.

धाकटी : हो.

थोरली : तू मला सांगायचीस, लाल रंगाच्या अकरा छटा दाखवल्यात, कुठली घेऊ. मी इथे डाळिंबाचा दाणा, विटेचा तुकडा, असं काय काय उजेडात धरून बघत होते. अर्धा अर्धा तास बोललो आपण त्या छटांवर.

धाकटी : तिथे सगळं पांढरं होतं गं. चादरी, भिंती, नर्सचे बूट. लाल रंगाबद्दल बोलायला बरं वाटायचं.

थोरली : तिकीट रद्द करा हिचं. मी एकटी जाते.

धाकटी : आणि दुमड कोण घालणार? तू? तुझा हातटाका म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखा.

थोरली : न दुमडता लोंबू दे. कुणी मरत नाही त्याने.

लेक : आई, डॉक्टर म्हणाले—

थोरली : तुला नंतर बघते. सात महिने माझ्या घरी येऊन जेवलीस आणि तोंडातून शब्द नाही.

लेक : शपथ घातली होती हिने.

थोरली : केवढी असते ती नळी?

लेक : अं?

थोरली : माप विचारतेय. रुंदीला किती?

लेक : तीन मिलिमीटर.

थोरली : तीन. कडेला घालतो त्या पायपिंगच्या दोरीपेक्षा बारीक. ...कधी झालं हे? दिवस कुठला?

धाकटी : काय करायचंय दिवस घेऊन.

थोरली : विचारलं त्याचं उत्तर दे.

धाकटी : अस्तराचे गठ्ठे आले त्या दिवशी. गिरणीला निघते म्हटलं आणि हिच्याकडे गेले.

थोरली : ते वर न्यायला मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, जरा दम लागलाय, चहा घेऊन नेते. मी म्हटलं, चहा नंतर.

धाकटी : ताई.

थोरली : असंच म्हटलं ना मी? चहा नंतर.

धाकटी : म्हणून तर सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे वर्षानुवर्षं साचत होतं, गठ्ठे उचलले नसते तरी झालंच असतं. मला पटलं. तुला पटलं नसतं. तू त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उभी राहून स्वतःला दोष देत बसली असतीस, आणि पडदा राहिला असता. मला पडदा हवा होता. तुझ्याबरोबर हवा होता. एवढंच आहे बघ, यापलीकडे माझ्या पोटात काही नाही.

लेक : आई, पाणी देऊ?

थोरली : नको. डॉक्टर काय म्हणाले ते सांग. नीट, सगळं.

लेक : चालणं, जिना, विमान, सगळं चालेल. जड उचलायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. फार थंडीत एकदम भराभर चालायचं नाही. परवाच तपासलंय, पत्र संध्याकाळी मिळेल. आणि विम्याचा फॉर्म खरा भरायचा. तेही त्यांनीच सांगितलं, मी नाही.

थोरली : आणि तिथे काही झालंच तर?

लेक : पॉलिसीवर एक नंबर असतो. आधी तिथे फोन. ते इस्पितळ सांगतात, बिलाचं त्यांचं ते बघतात, दुभाष्या देतात. तू फक्त हिच्यापाशी बसायचंस.

थोरली : तो नंबर मला कापडावर शिवून दे. कागद हरवतो.

धाकटी : म्हणजे मी येतेय?

थोरली : बॅगा मी ओढणार. दोन्ही.

धाकटी : तुझे गुडघे.

थोरली : बॅगांना चाकं आहेत, माझ्या गुडघ्यांची काळजी नको. आणि बर्फ सहा वेळा नाही.

धाकटी : चार.

थोरली : एकदा.

धाकटी : तीन, आणि तिन्ही वेळा तुझा हात धरून. तू सोड म्हणालीस तरी सोडणार नाही.

थोरली : दोन. हात धरून. आणि शिडीवर चढून शिवायची पाळी आली तर मॅनेजरला सांगायचं, पडदा खाली घ्या, बाई वर जाणार नाही.

धाकटी : सांगते. त्यांच्या भाषेत पाठ करून सांगते. ताई, तो पांढरा स्वेटर घेऊ का गं? बर्फात दिसणार नाही मी.

थोरली : लाल घे. हरवलीस तर सापडशील. आणि तू, काय बघत बसलीस? फॉर्म काढ.

लेक : काढलाय. मावशी, पहिल्यापासून विचारते. हृदयाचा आजार?

धाकटी : हो.

लेक : इस्पितळात दाखल होता का?

धाकटी : हो. चार रात्री. खिडकीजवळची खाट, लिहायचं असेल तर.

लेक : खिडकीचा रकाना नाही. चालू औषधं? मी नावं लिहिते, मला पाठ आहेत.

थोरली : मलाही पाठ करून दे. आज रात्रीच.

लेक : देते. आता शेवटचं. सोबत प्रवास करणाऱ्या व्यक्तीला या आजाराची कल्पना आहे का?

थोरली : आहे. आजपासून, असं लिही.

लेक : आजपासून असं लिहिता येत नाही, आई. हो किंवा नाही, एवढंच आहे.

थोरली : मग हो लिही.