काल की उद्या?

आत्याला घेऊन परत सिनेमाला जायची माझी हिंमत नाही. देवासला काळात मागेपुढे जाणारा हिंदी थरारपट लागला होता. पडद्यावरचा खुनी म्हणाला, "मैं कल से आया हूँ." थिएटर चिडीचूप. तेवढ्यात आत्याने मोठ्याने विचारलं, "काल की उद्या?"

"उद्या गं. भविष्यातून आलाय," मी कुजबुजलो.

थोडंफार मराठी कळणारा पुढच्या रांगेतला माणूस वैतागला, "भिया, माताजी को चुप कराओ."

अगदी शेवटी कळलं की खुनी भविष्यातला नव्हताच, तो कालच्या दिवसातून आला होता. पुढचा माणूस वळून आत्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला. "माताजी, पहले देख चुकी हो क्या?"

आत्या पदर सावरत मला म्हणाली, "सांग त्याला, सिनेमा मराठीत काढला असता तर पहिल्याच वाक्याला संपला असता."