मेलंय कोण ते आधी सांगा

माझं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. पीक बेताचं, पण रडणं लय चांगलं पिकायचं. मयताला आमच्या बाया नुसता हंबरडा फोडत न्हाईत, गेलेल्यानं काय आणलं, काय खाल्लं, कुणाशी भांडला, समदं हेल काढून सांगत्यात. लगीन होऊन इस्लामपूरकडं उसात आले तवा हीच काय ती माझी विद्या, आणि तिचा तोरा केवढा.

सत्तर सालानंतर कवातरी गावात सिनेमावाले आले. मढ्यावर रडायला बाई पायजे म्हणले, बायांनी मलाच ढकललं. मी नथ घालून गेले. मयताला नथ, बघा अक्कल. एक नट विडी विझवून पांढऱ्या कापडाखाली निजला. मी डायरेक्टरला इचारलं, आवं सायेब, मेलंय कोण माझं? तो म्हणला, भाऊ का नवरा ते अजून ठरलं न्हाई, गोष्ट मागनं बसवू, तुमी रडा, लोकं रडणंच बघत्यात.

आता काय सांगू तुम्हाला, कारण न देता बाई रडंल कशी? जवळ हुतं तेच काढलं. आमचं मालक पलटणीत, त्यांचंच काढलं. काश्मीरची शाल आणणाऱ्या, ट्रंकेत वासाचा साबण लपवणाऱ्या, रातभर घोरणाऱ्या, आता मी कुणाच्या पाठीला तेल लावू. डायरेक्टर म्हणला, झकास. आठवडाभर मी विहिरीवर ताठ मानेनं.

जत्रेत तंबूत त्यो सिनेमा आला तवा मालक रजेवर. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. पडद्यावर मढं निघालं गावच्या दुष्ट सावकाराचं, आणि मी परकी बाई त्याच्या पाठीच्या तेलासाठी रडतीया. तंबू हसून लोळला. गड्यांतनं कोण तरी म्हणलं, हवालदार, उठा रं, घरी सुतक हाय. मालक खाली मान घालून भायेर गेलं. सासूबाई म्हणल्या, जित्या माणसाला रडलीस की गं. घरी मालक एवढंच बोललं, घोरणं तरी ठिवायचं घरात.

परवाच्या साली ते खरंच गेलं. बाया गोळा झाल्या, म्हणल्या आजी, तुमी सुरू करा. तोंड उघडलं तर आधी शालच आली, आणि शाल तर मी कवाच सावकाराला वाहिलेली. तशीच मुकी बसले.

आता नातू फोनवर सिनेमा दावतो, आजी, हिरो बघ. मी इचारते, लिवलंय कुणी? ज्यानं आधी कोण मेलं ते लिवलं, त्याच्या हाताला देव बळ देवो. बाकीच्यांस्नी माझ्याकडं धाडा.