वरची पेटी

भावजय : पण ताई, सकाळच्या गारठ्यात झाकण कशाला उघडलंत? रात्रभर धरलेली ऊब एका मिनिटात जाते.

नणंद : बाबांची पेटी आहे. बघावीशी वाटली.

भावजय : काय दिसलं?

नणंद : मूठभर मधमाशा.

भावजय : एवढ्यांनी थंडी निघत नाही. ही पेटी माझ्या पेटीवर ठेवते, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. माशा तो कुरतडून एकमेकींत मिसळेपर्यंत वास एक होतो. भांडण होत नाही.

नणंद : आणि राण्या?

भावजय : एकच ठेवायची. वरची म्हातारी झालीय.

नणंद : म्हणजे बाबांची जाणार, तुझी राहणार.

भावजय : माझीही त्यांनीच दिलेली.

नणंद : माहीत आहे. दर फोनला ऐकलंय. ‘सूनबाईचा हात हलका, तिला माशी चावत नाही.’ मला नऊ वर्षांची असताना एक चावली, तर पुन्हा पेटीजवळ फिरकू दिलं नाही.

भावजय : चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता म्हणे. घाबरले होते ते.

नणंद : हेही तुलाच सांगितलं. त्यांची टोपीसुद्धा तुझ्याच डोक्यावर.

भावजय : हवी तर घ्या.

नणंद : टोपी नको. ती राणी मारू नकोस.

भावजय : मग कागदाऐवजी दुहेरी जाळी लागेल. खालची ऊब वर जाते, माशा जात नाहीत. पण तेवढी माझी पेटी गार पडणार.

नणंद : तुझी मरेल?

भावजय : मरणार नाही बहुतेक. वरचीचंही नक्की नाही. धरा त्या बाजूनं. तिरकी नको. वरचीचं दार मागे करू, एकमेकींची तोंडं बघायला नकोत.

नणंद : आपल्यासारखं.

भावजय : तुम्ही म्हणालात हो, मी नाही. ठेवा हळू. आता टिचकी मारा आणि कान लावा. रोज एवढंच करायचं. उघडायची नाही.

नणंद : काहीच नाही.

भावजय : दम धरा.

नणंद : आहे. बारीक आहे. बाबा मला झोपवताना तोंड मिटून गुणगुणायचे, अगदी तसं.

भावजय : बाबा गुणगुणायचे?

नणंद : रोज.

भावजय : सात वर्षं त्यांच्यासोबत पेट्या उघडल्या, ताई. मी एकदाही नाही ऐकलं.