पान लागलं तेव्हा

नाय, नाय, बसा ना सायेब — घोंगडीवर बसा. पन सभेत उभी राहून मी काय सांगनार? राहीबाई बोलली तर गाव ऐकंल — कोन म्हनालं तुमाला? गाव माझं ऐकत नाय आता.

शकूचा बापूस, माझा घरवाला — नाव तुमीच घ्या, मी घेनार नाय — तुमच्या त्या पोलादपूरच्या सापांच्या केंद्राला फुरशी धरून द्यायचा. आधीचे चष्मेवाले सायेब म्हनाले होते ना, विष काढू, लस करू, मंग पान लागून कोन मरनार नाय. ह्याला पटलं. ह्याचा धाकटा भाऊ सापानंच गेलेला. दगडाखालनं फुरसं चिमट्यात उचलायचा, मडक्यात घालायचा, वर फडकं बांधलं की निघाला डोंगर उतरून. आधी गाव हसलं, मंग गावातलेच चार जन धरायला लागले. विश्वास म्हनता तो — होता की. बक्कळ होता.

मंग ह्यालाच पान लागलं. धरतानाच, बोटाला डसलं फुरसं. झोळी करून नेला. मांत्रिक नको, तोच म्हनाला — "आपली लस हाय तिथं." डोंगर उतरेस्तोवर दिवस गेला, हिरड्यांतनं रगत यायला लागलं, तरी बोलत होता. केंद्राच्या ओसरीवर ठेवला, चष्मेवाले भायेर आले. डोळ्यांत पानी होतं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. म्हनाले, "राहीबाई, विष इथनं मुंबईला जातं. लस इथं ठेवत नाय आमी." त्यांनीच गाडी काढली. महाडच्या अलीकडं गेला.

रडले का? नाय. अजून नाय. भात शिजवते, गुरं सोडते — होतं सगळं.

तेव्हापास्नं गाव फुरसं दिसलं की ठेचतं, नि केंद्राची गाडी दिसली की दारं लावतं. आता तुमी म्हनता लस ठेवलीय. ठाऊक हाय मला. म्हनजे — बोलू नये खरं. गेल्या भातकापनीला चांगूच्या बायकोला, ठकूबाईला पान लागलं. चांगू तिला देवळात घेऊन बसला. मी म्हटलं केंद्रावर चला, तर अंगावर आला — "नवरा खाल्लान तुझा त्यांनी, तरी?" मी नि तिच्या आईनं नेली तिला. त्याच ओसरीवर. नर्सबाईनं कपाट उघडलं, बाटली काढली, टोचली. झालं. ठकूबाई जगली. मी बाटलीकडंच बघत होते. अंगठ्याएवढी. एवढीशीच होती, सायेब? एवढीशी ठेवता आली नसती?

चांगू अजून बोलत नाय माझ्याशी. ठकूबाई येते, चुलीपाशी बसते, जाते.

काय करावं म्हनता? सभा नको. लस वर आना, गावात. टोचनारं मानूस ठेवा. पावसात डोंगर कोन उतरनार? नि संपली तर संपली म्हनून आधी येऊन सांगा — मानूस झोळीत आल्यावर नको. मंग गाव काय करायचं ते करंल.

शकूच्या बापसाचं नाव देताय केंद्राला? नको. नको म्हटलं ना. लस नव्हती तिथं नाव कशाला?

उठा आता. ऊन उतरलं. पायवाट सोडू नका, गवत वाढलंय.